यहूदा इस्कर्योत गटात कसा वाचावा: पाच संध्याकाळींचा आराखडा

येशूला धरून देणारा शिष्य म्हणून यहूदा इस्कर्योत सगळ्यांना ठाऊक असतो, आणि खरी अडचण तीच आहे. ठाऊक असलेली गोष्ट माणूस वाचत नाही, नुसती आठवतो. तीस नाणी, चुंबन आणि गळफास डोक्यात घट्ट बसलेले असतात. पण या तिन्ही गोष्टी एका जागी फक्त मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात आहेत, असे सांगितले की गटातले निम्मे लोक पाने उलटायला लागतात. तिथून वाचन सुरू होते.

हा आराखडा आठ ते बारा जणांसाठी आहे. चर्चमधला बायबल अभ्यासाचा गट असो, पॅरिशमधले तरुण असोत, की बेळगावजवळच्या कडोली-उचगाव-येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांना न चुकता जाणारे, धर्माने ख्रिस्ती नसलेले वाचक असोत, सगळ्यांना तो चालतो. पाच संध्याकाळी, प्रत्येकी दीड तास. माणसे बाराच्या वर गेली तर दोन गट करा. मोठ्या गटात शेवटी तिघेच बोलतात, आणि त्यांतले एक निवृत्त मास्तर असतातच.

नियम एकच, पण तो शेवटपर्यंत पाळायचा. प्रत्येक लेखक वेगळा वाचायचा, ज्याने आधी लिहिले तो आधी घ्यायचा, आणि त्याने जे लिहिलेले नाही ते दुसऱ्याकडून उसने आणून त्याच्या तोंडी घालायचे नाही. मार्क वाचताना कोणी ‘तीस नाणी’ म्हणाला की तिथेच थांबवा. मार्कात आकडा नाही.

तयारी

वेळ ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातली बरी, पण शेवटचा पवित्र सप्ताह सोडून. त्या आठवड्यात माणसे मिस्सा, उपासना आणि पाहुणे यांत अडकलेली असतात. बैठका एप्रिलपर्यंत लांबल्या तर उघड्या कट्ट्यावर बसू नका. संध्याकाळी वळीव आला की लाईट जाते आणि तक्ता भिजतो.

पुस्तके अशी: बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ प्रत्येकाकडे हवे. शिवाय दुसऱ्या भाषांतराची एक तरी प्रत आणि कॅथलिक बायबलची एक प्रत गटात असू द्या. कॅथलिक प्रत लागतेच, कारण चौथ्या संध्याकाळी लागणारे २ मक्काबी हे पुस्तक प्रोटेस्टंट बायबलात नसते. आपल्या भागात गट एकभाषी क्वचितच असतो. कोणी कन्नड ‘सत्यवेद’ घेऊन येईल, कोकणी बोलणाऱ्या घरातले कोणी ‘जुदास’ म्हणतील. येऊ द्या. अवघड ओवी (बायबलमधले वचन) आली की कन्नड भाषांतरात काय आहे ते विचारायला जवळच माणूस असणे ही सोय आहे. फक्त कोणती भाषा आधी वाचायची यावर चर्चा सुरू होऊ देऊ नका. सीमाप्रश्नावर गाडी घसरली की ती संध्याकाळ गेली. आळीपाळीने वाचायचे, एवढे आधीच ठरवून टाका.

‘गद्दार’ हा शब्दही पहिल्या दिवशी बाहेर ठेवा. तो हल्ली निवडणुकीच्या सभेतून येतो आणि येताना सगळी सभा बरोबर घेऊन येतो. ‘धरून देणारा’ म्हणा. शुभवर्तमानांचे मराठी भाषांतरही तेच म्हणते.

नावांचा गोंधळ पहिल्या दहा मिनिटांत मिटवा. नव्या करारात यहूदा बरेच आहेत. योहान १४:२२ मधला शिष्य ‘यहूदा, इस्कर्योत नव्हे’ असा मुद्दाम सांगितलेला आहे. मार्क ६:३ मध्ये येशूच्या एका भावाचे नाव यहूदा आहे, आणि यहूदाचे पत्र वेगळेच. जुन्या करारात याकोबाचा मुलगा यहूदा आहे. हा शेवटचा मात्र लक्षात ठेवायचा. उत्पत्ती ३७:२६-२८ मध्ये भाऊ योसेफाला वीस रुपयांना विकतात, आणि विकण्याची कल्पना यहूदाची असते.

आता तक्ता. ड्रॉइंगचे दोन मोठे कागद आडवे चिकटवा. आठ उभे रकाने पाडा: पौल, मार्क, मत्तय, लूक, प्रेषितांची कृत्ये, योहान, पापियास, यहूदाचे शुभवर्तमान. आडव्या ओळी नऊ: पैसे किती व केव्हा, पैशाचा विषय कोणी काढला, सैतानाचा उल्लेख, भोजनात तो कधीपर्यंत होता, येशू त्याला काय म्हणाला, चुंबन, पस्तावा, मृत्यू, शेत. डावीकडे एक रिकामा रकाना राखून त्याला ‘जुळवणी’ असे नाव द्या. लेखकांत नसलेले, आपण जोडलेले ते त्यात जाईल. त्याचा उपयोग पहिल्या संध्याकाळपासूनच लागेल. ज्या चौकटीत त्या लेखकाने काहीच सांगितलेले नाही तिथे रेघ मारू नका, ‘काही नाही’ असे अक्षरांत लिहा. पुढे सगळ्यांत जास्त बोलणे या चौकटींवरच होते.

पहिली संध्याकाळ: पौल आणि मार्क

पौलाला पाच मिनिटे पुरतात. करिंथकरांस पहिले पत्र साधारण इसवी सन ५४ च्या सुमाराचे, म्हणजे शुभवर्तमानांच्या आधीचे. त्यात ११:२३ ला ‘ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले’ एवढेच आहे. कोणी धरून दिले ते नाही. १५:५ ला उठलेला येशू ‘बाराजणांना’ दिसला असे येते, अकराजणांना नव्हे. यावरून यहूदाची गोष्ट नंतर रचली गेली असे म्हणणारे थोडे अभ्यासक आहेत. बहुतेकांना ते पटत नाही. आपल्याच गुरूने निवडलेल्या बारांपैकी एकाने त्याला पकडून दिले, ही गोष्ट कोणताही संप्रदाय हौसेने रचणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि तो वजनदार आहे. वाद इथे मिटवायचा नाही. पौलाच्या रकान्यात आठ वेळा ‘काही नाही’ लिहा आणि ‘भोजन’ या ओळीत प्रश्नचिन्ह.

मग मार्क, साधारण इसवी सन ७० चा. ३:१९, १४:१०-११, १४:१७-२१ आणि १४:४३-४६, एवढ्याच ओव्या मोठ्याने वाचायच्या. मार्कात यहूदा मुख्य याजकांकडे जातो, ते खूश होतात आणि पैसे देण्याचे कबूल करतात. त्याने मागितले असे नाही. का गेला याचे कारण नाही. सैतान नाही. अटकेच्या वेळी तो ‘रब्बी’ म्हणून चुंबन घेतो, आणि येशू त्याला उलट एक शब्द बोलत नाही. त्यानंतर यहूदा पुस्तकातून नाहीसा होतो. मेला की जगला, मार्क सांगत नाही.

इथे गट हमखास अस्वस्थ होतो. कारण हवेच असते. ‘लोभ’, ‘रोमनांविरुद्ध उठाव व्हावा म्हणून’, ‘येशूला भाग पाडायला’ अशी उत्तरे येतात. दुसरे आणि तिसरे उत्तर अलीकडच्या काळातले आहे, कादंबऱ्या-सिनेमांतून फिरून आलेले. जुन्या ग्रंथांत ते नाही. त्यांना ‘जुळवणी’च्या रकान्यात टाका आणि पुढे चला.

वेळ उरला तर घरचे एक काम द्या. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी खानापूर तालुक्यात नंदगडला फाशी दिले. त्याला पकडून देणाऱ्यांबद्दल प्रत्येकाने घरी काय ऐकले आहे ते पाच ओळींत लिहून आणायचे: माणसे कोण, किती, कशाच्या बदल्यात, त्यांचे पुढे काय झाले. एकमेकांना विचारून लिहायचे नाही. हे कागद तिसऱ्या संध्याकाळी लागतील.

दुसरी संध्याकाळ: मत्तय, आणि दोन मरणे

मत्तय साधारण ८० ते ९० च्या दरम्यानचा, आणि मार्क त्याच्यासमोर होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून मत्तयाने काय वाढवले हे बोट ठेवून दाखवता येते. २६:१५ ला यहूदा स्वतः विचारतो, मला काय द्याल? याजक तीस नाणी तोलून देतात, आणि तेही आगाऊ. २६:२५ ला तो भोजनात विचारतो, मी आहे काय तो? अटकेच्या क्षणी येशू त्याला सोबत्यासारखी हाक मारतो (२६:५०). मार्कातली शांतता मत्तयाने संवादाने भरली आहे.

तीस नाणी म्हणजे किती हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा. मत्तय नाण्याचे नाव सांगत नाही. मंदिरात चालणारे टायर शहराचे शेकेल हे चांदीचे नाणे धरले तर एक शेकेल म्हणजे चार दिनार, म्हणजे तीस शेकेलांचे १२० दिनार. दिनार हा मजुराचा एका दिवसाचा रोज, हे मत्तय २०:२ वरून कळते. म्हणजे साधारण चार महिन्यांची मजुरी. आपल्याकडच्या शेतमजुराचा आजचा रोज घेऊन १२० ने गुणा आणि रक्कम फळ्यावर लिहा. त्याच्याच खाली योहान १२:५ मधल्या सुगंधी तेलाची किंमत लिहा, ३०० दिनार. लोभी माणसाने एवढ्यावर सौदा करावा हे विचित्र आहे, आणि गटालाही ते तसे वाटायला हवे. मत्तयाला आकडा बाजारातून मिळालेला नाही, शास्त्रातून मिळाला आहे. निर्गम २१:३२ मध्ये बैलाने मारलेल्या दासाची भरपाई तीस शेकेल आहे, आणि जखऱ्या ११:१२-१३ मध्ये मेंढपाळाची मजुरी तीसच.

आता २७:३-१०. त्याच्या अगदी आधी पेत्र या शिष्याने येशूची ओळख नाकारणे आणि मग रडणे येते, हे लक्षात आणून द्या. मत्तयाने दोघांना शेजारी बसवले आहे. येशूला दोषी ठरवल्याचे पाहून यहूदा पस्तावतो, ‘मी निर्दोष रक्त धरून दिले’ असे कबूल करतो, पैसे मंदिरात टाकतो आणि गळफास घेतो. याजकांना तो पैसा भांडारात टाकता येत नाही म्हणून ते कुंभाराचे शेत घेतात, परक्यांना पुरायला.

लगेच प्रेषितांची कृत्ये १:१६-२० वाचा. हे पुस्तकही लूकाचेच. इथे शेत यहूदाने स्वतः घेतले आहे, अन्यायाच्या पैशातून. तो पालथा पडतो, मधोमध फुटतो, आतडी बाहेर येतात. पस्ताव्याचा शब्द नाही, पैसे परत केल्याचा नाही. शेताचे नाव दोन्हीकडे ‘रक्ताचे शेत’च, पण मत्तयात ते रक्ताच्या मोलाने घेतले म्हणून आणि कृत्यांत तिथे जे घडले त्यामुळे.

हा भाग किमान अर्धा तास चालू द्या. पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणेल, ‘दोर तुटला असेल, मग पडला आणि फुटला.’ ही युक्ती जुनी आहे. व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलात कृत्ये १:१८ चे भाषांतरच ‘लटकून मधोमध फुटला’ अशा अर्थाचे केले आहे, आणि ऑगस्टीन या प्राचीन धर्मपंडितानेही दोन्ही गोष्टी अशाच जोडल्या. म्हणणाऱ्याला चूक म्हणू नका. त्याचे म्हणणे ‘जुळवणी’त लिहा आणि तीन प्रश्न विचारा. दोर तुटला हे कोणत्या ओवीत आहे? शेत मग कोणी घेतले? लूकाला पस्तावा माहीत असता तर त्याने तो गाळला असता का? पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर आहे. उरलेल्या दोनांवर गट स्वतःहून बोलतो.

दोन्ही मरणांच्या मागे जुनी शास्त्रवचने आहेत ती उघडून दाखवा. दावीदाचा सल्लागार अहीथोफेल फितूर होतो आणि शेवटी गळफास घेतो (२ शमुवेल १७:२३). मत्तयाची गोष्ट त्याच वळणाची. कृत्यांत पेत्र स्तोत्र ६९:२५ आणि १०९:८ सांगतो. मत्तय २७:९ मध्ये वचन यिर्मयाचे म्हणून दिले आहे, पण शब्द जखऱ्याच्या जवळचे आहेत. यिर्मयाकडून कुंभार (१८) आणि सतरा शेकेलांना घेतलेले शेत (३२:९) आले असावे. ही अडचण ऑगस्टीननेही लपवली नव्हती, तेव्हा तुम्हीही लपवू नका. धर्मावर घाला आला असे वाटणाऱ्या वयस्क सभासदाला हे आधी सांगितले की तो निवांत होतो.

या संध्याकाळी एक काळजी घ्यावीच लागते. दहा-बारा माणसांत कोणाच्या तरी घरी, नात्यात, गल्लीत आत्महत्या झालेली असते. शेतकरी कुटुंबे असलेल्या गटात तर हे धरूनच चालायचे. यहूदाचा गळफास हा त्या माणसांबद्दलचा निकाल नाही, हे सुरुवातीलाच एका वाक्यात सांगा. ‘नरकात गेला’ या विषयावर मते मागवू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कोणी उठून बाहेर गेले तर एकाने मागोमाग जावे, वाचन चालू राहू द्यावे.

तिसरी संध्याकाळ: लूक आणि योहान

लूक पटकन होतो. २२:३ ला सैतान यहूदात शिरतो, सौद्याच्या आधीच. २२:४८ ला येशू विचारतो, चुंबन घेऊन धरून देतोस का? नीट वाचले तर लूक चुंबन झाले असे सांगतच नाही, तो चुंबन घ्यायला जवळ आला एवढेच. आणि भाकर-प्याला झाल्यावरही (२२:१९-२१) धरून देणाऱ्याचा हात मेजावर आहे. म्हणजे लूकाप्रमाणे यहूदाला प्रभुभोजन मिळाले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिश्र गटात या प्रश्नावर बरीच चुरस होते. प्राचीन धर्मपितरही, म्हणजे पहिल्या शतकांतले चर्चचे आचार्य, एकमताचे नव्हते. ऑगस्टीन मिळाले म्हणतो, प्वातियेचा हिलरी नाही म्हणतो. योहानात तर यहूदा येशूने दिलेला घास घेऊन लगेच बाहेर पडतो, आणि तिथे भाकर-प्याल्याची कथाच नाही.

योहानाला पाऊण तास द्या. साधारण ९० ते १०० च्या दरम्यानचे हे शुभवर्तमान यहूदाला सुरुवातीपासूनच काळा रंगवते. ६:७० ला ‘तुमच्यापैकी एक सैतान आहे’. १३:२७ ला घासापाठोपाठ सैतान शिरतो. १७:१२ ला ‘नाशाचा पुत्र’. सगळ्यांत बोलका फरक एक बाई येशूला सुगंधी तेल लावते त्या प्रसंगात आहे, म्हणून तिन्ही उतारे एकामागून एक वाचा. मार्क १४:४ मध्ये तेल वाया गेले म्हणून ‘काहीजण’ कुरकुरतात. मत्तय २६:८ मध्ये ‘शिष्य’. योहान १२:४-६ मध्ये एकटा यहूदा, आणि वर शेरा: तो चोर होता, थैली त्याच्याकडे असे, तो त्यातले काढी. तीन पुस्तकांत सगळ्यांची कुरकुर एका माणसाच्या अंगावर कशी सरकत आली ते बोटाने दाखवता येते. अटकेच्या बागेत योहानात चुंबन नाही. येशू स्वतःच पुढे येतो, यहूदा नुसता उभा असतो.

आता पहिल्या संध्याकाळचे रायण्णाचे कागद काढा आणि मोठ्याने वाचा. नावे, आकडे, मोबदला जिथे जिथे वेगळा येईल तिथे थांबा आणि कोणत्या गावातून, कोणत्या पिढीकडून ऐकले ते विचारा. फाशीची तारीख आणि जागा पक्की, आणि तरी पकडून देणाऱ्यांच्या भोवती तपशील कसा साचतो, हे आपल्याच तालुक्यातल्या गोष्टीत दिसले की मार्क ते योहान हा प्रवास वेगळा समजवावा लागत नाही. पण ताणू नका. रायण्णाची ऐकीव गोष्ट आणि शुभवर्तमान एकच प्रकारचे लेखन आहे असा निष्कर्ष यातून निघत नाही.

एक इशारा इथेच द्यायला हवा. योहान वाचताना ‘यहूदी’ हा शब्द सारखा येतो आणि यहूदा हे नाव त्याला चिकटते. युरोपात शतकानुशतके यहूदा म्हणजे यहूदी समाज असे समीकरण मांडून त्या समाजाचा छळ झाला. जॉन क्रिसोस्टमसारख्या थोर वक्त्याच्या प्रवचनांतही यहूद्यांवरचा विखार आहे. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येत नाही असे स्पष्ट केले. आपल्या शेजारी यहूदी घर नसते, त्यामुळे बोलताना जीभ सैल सुटते. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवार तेली, घरी मराठीच बोलत आले आहेत. ते खोलीत बसलेले आहेत असे समजून बोला. येशू आणि बाकीचे अकरा जणही यहूदीच होते, हे तक्त्याच्या माथ्यावर लिहून टाका.

चौथी संध्याकाळ: पापियास आणि धर्मपितर

हियरापोलिसचा बिशप पापियास दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याचा ग्रंथ हरवला. यहूदाचा उतारा इतरांनी दिलेल्या अवतरणांतून उरला आहे. त्यात यहूदा गळफासाने मरतच नाही. त्याचे अंग इतके सुजते की जिथून गाडी सहज जाते तिथून त्याला जाता येत नाही, डोळे पापण्यांत बुडतात, आणि तो आपल्याच जमिनीत मरतो. दुर्गंधीने ती जागा ओसाड पडते. लहान मुले असतील तर उतारा पूर्ण वाचू नका, तो याहून किळसवाणा आहे. मग २ मक्काबी ९ उघडा. तिथे अंतियुखस राजा असाच किड्यांनी आणि दुर्गंधीने मरतो. दुष्टाचे मरण कसे लिहावे याची एक रूढ पद्धत होती, ती इथे दिसते.

धर्मपितरांपैकी दोघेच घ्या, जास्त घेतले की नावांचा ढीग होतो. ओरिजेन, तिसऱ्या शतकातला. केल्सस नावाच्या टीकाकाराने टोमणा मारला होता की ज्याला आपला शिष्यही सांभाळता आला नाही तो कसला देव. त्याला उत्तर देताना साधारण २४८ च्या सुमारास ओरिजेन मत्तयातल्या पस्ताव्याकडे बोट दाखवतो: पैसे परत करणाऱ्याच्या मनात गुरूच्या शिकवणीचा काही अंश उरलाच होता. दुसरा ऑगस्टीन. आत्महत्येने यहूदाने पाप धुतले नाही, वाढवले, असे तो सांगतो, आणि पुढची अनेक शतके हेच मत चालले. पण योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनात त्याचा अधिक खोल मुद्दा आहे. पित्याने पुत्राला दिले, पुत्राने स्वतःला दिले, यहूदानेही दिले. कृती एकच, हेतूने ती वेगळी होते. रोमकरांस ८:३२ आणि गलतीकरांस २:२० या पौलाच्याच पत्रांतल्या ओव्या उघडून हे तपासता येते, आणि पहिल्या संध्याकाळच्या पौलाच्या रिकाम्या चौकटींकडे गट पुन्हा वळतो.

‘मग चर्चचे अधिकृत मत काय?’ असे विचारले जाईल. कॅथलिक चर्चने कोणाही माणसाचे नाव घेऊन तो नरकात आहे असे कधी जाहीर केलेले नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १८ ऑक्टोबर २००६ च्या प्रवचनात यहूदाबद्दल न्याय करणे आपले काम नाही असेच सांगितले. मार्क १४:२१ मधले ‘तो जन्मलाच नसता तर बरे होते’ हे वाक्य त्याच्यासमोर ठेवा आणि दोन्ही तसेच राहू द्या.

पाचवी संध्याकाळ: यहूदाचे शुभवर्तमान

या संध्याकाळी उत्साह फार असतो आणि माहिती कमी. आधी वस्तू काय आहे ते सांगा. लियोंचा बिशप इरेनियस साधारण १८० मध्ये पाखंडांविरुद्ध लिहिताना अशा नावाच्या ग्रंथाचा उल्लेख करतो: भावाचा खून करणाऱ्या काइनाला आपला मानणारे लोक म्हणतात, सत्य एकट्या यहूदालाच माहीत होते. ग्रंथ पुढे हरवला. १९७० च्या दशकात इजिप्तमध्ये मिन्या भागात कॉप्टिक या जुन्या इजिप्ती भाषेतले एक हस्तलिखित सापडले. ते विक्रीसाठी फिरले, अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या एका बँकेच्या लॉकरमध्ये १६ वर्षे पडून चुरले, आणि एप्रिल २००६ मध्ये त्याचे भाषांतर प्रसिद्ध झाले. कार्बन चाचणीत त्याच्या पपायरसचे (लव्हाळ्याच्या कागदाचे) वय साधारण २८० इसवी सन, ६० वर्षे मागेपुढे, असे निघाले. मूळ ग्रीक ग्रंथ दुसऱ्या शतकातला. म्हणजे यहूदाने स्वतः लिहिलेले यात काही नाही, आणि अटकेच्या रात्रीची नवी बातमीही नाही. दुसऱ्या शतकात काही ख्रिस्ती बाकीच्या शिष्यांच्या चर्चवर काय टीका करत होते, ते यातून कळते.

त्यात येशू शिष्यांना हसतो, यहूदाला बाजूला घेऊन विश्वरचना सांगतो, आणि म्हणतो: तू सगळ्यांच्या वर जाशील, कारण मला वाहणाऱ्या माणसाचा तू बळी देशील. यहूदा काही पैसे घेऊन त्याला सोपवतो आणि ग्रंथ तिथेच संपतो. क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. पहिल्या भाषांतरकारांनी यहूदाला नायक ठरवले. २००७ मध्ये एप्रिल डीकोनिक नावाच्या अभ्यासक बाईंनी उलट बाजू मांडली: त्यात यहूदाला ‘तेरावा’ म्हटले आहे तो पिशाच्च या अर्थाने, आणि येशूचा बळी देण्यात तो सगळ्यांहून वाईट. एका महत्त्वाच्या ओळीत ‘नाही’ आहे की नाही यावरही भाषांतर सुधारावे लागले. गटाला दोन्ही वाचने द्या. मत विचारू नका, कोणत्या ओळीवरून ते मत झाले ते विचारा.

आपल्याकडे इथे बिभीषण आल्याशिवाय राहत नाही. ‘घरचा भेदी’ म्हणून एकाच्या तोंडी शिवी, दुसऱ्याच्या तोंडी परमभक्त. तुलना येऊ द्या, नायकपक्षाचे वाचन कसे शक्य झाले ते तिच्यामुळे चटकन कळते. ती कुठे मोडते तेही लगेच दाखवा. बिभीषण रावणाला भर दरबारात तोंडावर बजावतो, मग उघडपणे पक्ष बदलतो, आणि त्याला लंकेचे राज्य मिळते. मार्कातला यहूदा कोणालाही काही न सांगता उठून जातो. त्याला कोणताच पक्ष आपला म्हणत नाही, याजकसुद्धा नाही. मत्तयात ते त्याला म्हणतात, त्याचे आम्हाला काय?

मराठीतच जुने काही वाचायचे असेल तर थॉमस स्टीफन्सचे १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ घ्या. दुःखसहनाचा भाग ‘दुसऱ्या पुराणा’त आहे. ओव्या चालीवर म्हणायच्या, मुकाट्याने वाचल्या तर अडखळायला होते. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको.

ज्या गावात गुड फ्रायडेला दुःखसहनाचा प्रसंग बसवतात, तिथल्या दिग्दर्शकाने तक्ता उतरवून न्यावा आणि आपल्या संहितेतले प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यातले आहे ते समासात लिहावे. थैलीतून चोरणारा यहूदा योहानाचा, पैसे फेकणारा मत्तयाचा. दोघांना एकाच नटाकडून करवले की चोरीनंतरचा पस्तावा खोटा वाटतो, आणि तालमीत नट नेमका तिथेच अडतो. कोणते तरी एक शुभवर्तमान निवडा. मेकअपमध्ये वाकडे नाक आणि पिवळा झगा टाळा. ते युरोपातल्या यहूदीद्वेषाचे चित्र आहे. बाकी अकरांना जो पोशाख, तोच यहूदाला. आणि गळफासाचे दृश्य मंचावर दाखवू नका, पडद्यामागे नाणी फरशीवर पडल्याचा आवाज पुरतो. त्यासाठी स्टीलचे वॉशर चालतात, पाऊण इंची, तीस.